धरणातील पाणीसाठ्याचा आकडा नेमका कशाच्या आधारे सांगितला जातो?

प्रश्न : मुठाकाठ

जून-जुलै उजाडला की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतील साठ्याचे आकडे पुण्यातील वर्तमानपत्रांत रोज छापून येतात आणि घरोघरी ते क्रिकेटच्या धावसंख्येइतक्याच आस्थेने वाचले जातात. चारही धरणांची एकत्रित उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी असून त्यात खडकवासल्याचा वाटा अवघा १.९७ टीएमसी आहे, हे बहुतेक पुणेकरांना तोंडपाठ असते. माझी शंका या आकड्यांच्या दुसऱ्या दशांशाविषयी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. म्हणजे त्याचा शंभरावा भाग घेतला तरी तो २८ कोटी लिटरांच्या घरात जातो. डोंगरांच्या खोबणीत शिरलेल्या, वेड्यावाकड्या काठांच्या आणि तळ कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जलाशयातील पाणी इतक्या बारकाईने रोज कोण मोजते आणि कसे?

दुसरे असे की, हा तळ कधीतरी कोणीतरी मोजलेला असणारच. तो कसा मोजतात, आणि दर पावसाळ्यात वाहून येणाऱ्या गाळामुळे तो बदलत असताना आकडे मात्र वर्षानुवर्षे तेच कसे राहतात?

या चौकशीला एक व्यावहारिक कारणही आहे. मुळशी तालुक्यातील आमच्या गावच्या पाझर तलावातून यंदा गाळ काढण्याचे घाटत आहे. काम झाल्यावर तलावाची क्षमता खरोखर किती वाढली, हे डंपरच्या फेऱ्या मोजण्यापलीकडे आम्हाला कळू शकेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : सांडवा

आपला प्रश्न योग्य आहे. माझी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामात गेली असल्याने पहिल्या भागाचे उत्तर देतो.

धरणावर रोज मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. भिंतीच्या जलाशयाकडील अंगाला किंवा विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाच्या, मनोऱ्यावर मोजपट्टी बसवलेली असते, जिला आम्ही सगळे गेजच म्हणतो. सकाळी ठरलेल्या वेळी कर्मचारी ती वाचतो. वाऱ्याने पाणी हलत असेल तर लाट वर कुठवर जाते आणि खाली कुठवर उतरते हे काही क्षण पाहून तो मधला आकडा धरतो. शेवाळाने पट्टीवरचे अंक झाकले गेले असतील तर आधी ते खरवडावे लागतात. आता अनेक ठिकाणी स्वयंचलित संवेदक बसले असले, तरी त्यांचीही पडताळणी याच पट्टीवर होते. वाचलेली पातळी घेऊन क्षमता-तक्ता उघडायचा आणि त्या पातळीसमोर लिहिलेला साठा नोंदवायचा, एवढेच रोजचे काम आहे. त्यामुळे दुसरा दशांश येतो तो तक्त्यातून.

हा तक्ता मुळात धरण बांधण्यापूर्वी तयार होतो. बुडीत क्षेत्र कोरडे असतानाच तिथे जमिनीवरची मोजणी होते, समान उंचीच्या रेषांचा नकाशा काढला जातो आणि प्रत्येक रेषेने वेढलेले क्षेत्रफळ मोजले जाते. पुढे लगतच्या दोन रेषांची क्षेत्रफळे आणि त्या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ, अशा तीन संख्यांच्या बेरजेला उभ्या अंतराच्या एक-तृतीयांशाने गुणले की त्या थरातील पाण्याचे घनफळ मिळते. असे थर तळापासून रचत नेले की पातळी आणि साठा यांचा संबंध दाखवणारा वक्र तयार होतो.

आता दशांशाकडे वळू. समजा, एखाद्या जलाशयाचा पाणपसारा १० चौरस किलोमीटर आहे. तिथे पातळीतील एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक लाख घनमीटर, अर्थात ०.००३५ टीएमसी. म्हणून ०.०१ टीएमसी हा पातळीतील जेमतेम तीन सेंटिमीटरांचा खेळ आहे. आषाढातला पश्चिमेचा वारा लांबट जलाशयातील पाणी एका टोकाकडे रेटतो, तेव्हा भिंतीजवळची पातळी आणि फुगवट्याच्या, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला पसरलेल्या पाण्याच्या, टोकाची पातळी यांत तेवढा फरक सहज पडू शकतो. कालच्या आकड्याशी आजच्या आकड्याची तुलना करायला दुसरा दशांश उपयोगी आहे, कारण तक्ता तोच असल्याने त्यातील चूक दोन्ही दिवशी जवळपास सारखीच असते. मात्र धरणात प्रत्यक्ष किती पाणी आहे, याची तेवढी अचूकता त्यातून सिद्ध होत नाही.

याचाच त्रास पुराच्या दिवसांत आवक काढताना होतो. जलाशयात येणारे पाणी थेट मोजणे बहुधा शक्य नसते; म्हणून साठ्यातील वाढ, दरवाजांतून आणि कालव्यातून सोडलेला विसर्ग व बाष्पीभवन यांची बेरीज करून आवक ठरवतात. तासाभराच्या अंतराने घेतलेल्या दोन वाचनांत दोन सेंटिमीटरांची गफलत झाली, तर वरच्या उदाहरणातील जलाशयात दोन लाख घनमीटरांचा, म्हणजे जवळजवळ दोन हजार क्युसेकचा खोटा पूर दिसतो किंवा खरा पूर लपतो. म्हणून अनुभवी माणसे एका तासाच्या आवकेवर निर्णय न घेता काही तासांची सरासरी पाहतात.

गाळाबद्दल इतकेच सांगतो की, आराखडा करतानाच विमोचकाच्या तळपातळीखालचा काही भाग मृतसाठा म्हणून सोडलेला असतो आणि गाळ तिथे साचेल असे गृहीत धरलेले असते. उजनीत असा मृतसाठा ६३ टीएमसीहून अधिक आहे, म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी वजा इतके टक्के’ अशा बातम्या आपण वाचतो. पण गाळाला आमचे गृहीतक ठाऊक नसते. नदी जलाशयात शिरते तिथे तिचा वेग मंदावतो आणि जाडी वाळू, रेती तिथेच, म्हणजे वरच्या अंगाला उपयुक्त साठ्याच्या जागेत बसते. फक्त बारीक चिकणमाती भिंतीपर्यंत पोहोचते. जुना तक्ता चालू ठेवला तर कमी होत जाणारी ही जागा कागदावर दिसतच नाही, आणि आकडे वर्षानुवर्षे तेच राहण्याचे कारण हे आहे.

प्रतिसाद २ : ओळंबा

मी बंदरांच्या आणि जलाशयांच्या तळमोजणीचे काम करतो. सांडवासाहेबांनी तक्त्याचे सांगितले. तो नव्याने कसा करायचा, ते लिहितो.

पूर्वी दोरीला शिशाचा ओळंबा बांधून खोली घेत असत, आणि कोकणातले मच्छीमार अजूनही वावांत खोली सांगतात. ओळंब्याने एका वेळी एकच बिंदू मिळतो. आता होडीच्या बुडाशी बसवलेल्या इको साउंडरमधून ध्वनीचा स्पंद खाली सोडतात आणि तळावरून परतायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. वीस मीटर खोलीसाठी हा वेळ एका सेकंदाच्या सदतिसाव्या भागाइतका असतो. होडी नदीच्या मूळ प्रवाहाला आडव्या, समांतर रेषांवर चालवतात, उपग्रहाधारित उपकरण तिचे स्थान काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने नोंदवते आणि प्रत्येक खोलीला आपली जागा मिळते. मल्टिबीम यंत्र असेल तर एका रेषेऐवजी तळाचा आख्खा पट्टाच एका फेरीत मोजला जातो, पण उथळ पाण्यात तो पट्टा अरुंद होतो आणि खर्च परवडत नाही. म्हणून जलाशयांत आजही एकेरी शलाकेची यंत्रे भरपूर वापरली जातात.

गोम ध्वनीच्या वेगात आहे. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, तर ३० अंशांना सुमारे १५०९ मीटर असतो. उबदार, खाऱ्या अरबी समुद्रात तो १५४० च्या आसपास जातो. बंदरातून आणलेले यंत्र तसेच धरणात उतरवले तर वीस मीटरांवर पाऊण मीटरभर चूक होऊ शकते, आणि ती सगळीकडे एकाच दिशेने होत असल्याने सरासरीतही नाहीशी होत नाही. शिवाय उन्हाळ्यात वरचे पाणी तापलेले आणि खालचे थंड, असे थर पडतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पाण्यात ध्वनीचा वेग मोजणारे उपकरण तळापर्यंत सोडतात, किंवा जुन्या खात्रीच्या पद्धतीने लोखंडी पाटी खुणा केलेल्या साखळ्यांवर दोन मीटर, चार मीटर, सहा मीटर अशी ट्रान्सड्यूसरखाली, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागाखाली, उतरवतात आणि यंत्र तीच खोली दाखवते की नाही ते पाहतात. सकाळी केलेली ही तपासणी संध्याकाळी पुन्हा करावी लागते. ज्याच्या नोंदवहीत ती नाही, त्याची मोजणी मी हातात धरत नाही.

सह्याद्रीतल्या जलाशयांत आणखी एक अडचण येते. ध्वनीची शलाका खाली जाताना पसरते. स्वस्त मासेशोधक यंत्राची वीस अंशांची शलाका वीस मीटर खोलीवर सुमारे सात मीटर व्यासाचा भाग व्यापते. तळ सपाट असेल तर बिघडत नाही. पानशेत-वरसगावसारख्या उतरत्या दऱ्यांत मात्र त्या सात मीटरांतला सर्वांत जवळचा, म्हणजे उताराच्या वरच्या बाजूचा कण आधी उत्तर देतो आणि खोली प्रत्यक्षापेक्षा कमी भरते.

इथे बंदर आणि धरण यांच्या गरजा वेगळ्या होतात, आणि हा फरक पुष्कळदा ध्यानात घेतला जात नाही. जहाजाला तळ लागू नये हा नौकानयनाच्या नकाशाचा हेतू असल्यामुळे, जवळजवळच्या अनेक खोल्यांतून सर्वांत उथळ तीच नकाशावर ठेवतात. आपल्याकडे असे सागरी नकाशे नौदलाचे देहरादून येथील नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस प्रसिद्ध करते. १९२१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटनेने तळमोजणीच्या अचूकतेच्या श्रेणी ठरवून दिल्या आहेत; बंदरासारख्या नाजूक जागेसाठीच्या ‘विशेष’ श्रेणीत १० मीटर खोलीला, ९५ टक्के खात्रीने, सुमारे २६ सेंटिमीटरांपर्यंतची अनिश्चितता चालते. धरणासाठी मात्र घनफळ हवे असते, आणि त्याला तळाची सरासरी लागते. बंदराच्या सवयीने उथळ बिंदू निवडून केलेल्या नकाशावरून क्षमता काढली की धरण कागदोपत्री आणखी गाळाने भरते.

आणि गाळ म्हणजे नेमके काय, हेही आधी ठरवावे लागते. साधारण २०० किलोहर्ट्झचा उच्च ध्वनी मऊ गाळाच्या वरच्या पृष्ठावरूनच परततो, ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्यातून आत शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. दोन्ही एकाच वेळी वापरले की पडद्यावर तळाच्या दोन रेषा दिसतात. त्यांतील अंतर काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी मीटरभर असते. रॉटरडॅम बंदरात १२०० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेपर्यंतचा चिखल जहाज चालण्याजोगा मानतात. धरणातील असा पातळ चिखल साठ्यात धरायचा की गाळात, यावर माझे मत असे आहे की तो गाळातच धरावा, कारण विमोचकातून तो पाणी म्हणून कोणाच्याही नळाला येणार नाही. पण अहवालात दोन्ही आकडे द्यावेत. याविषयी ज्यांना खोलात जायचे असेल, त्यांच्यासाठी आपल्या खडकवासल्यालाच १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे नद्या आणि बंदरे यांच्या प्रतिकृती बांधून गाळाचा अभ्यास होतो.

प्रतिसाद ३ : आभाळमाया

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, मात्र होडी न उतरवताही बरेच काम होते याची नोंद असावी. सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे दर पाच दिवसांनी, १० मीटर तपशिलाची आणि विनामूल्य मिळतात. पाणी हिरवा प्रकाश काही प्रमाणात परतवते आणि अवरक्त प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषून घेते. या दोहोंच्या गुणोत्तरावरून पाणपसाऱ्याची कड काढता येते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत धरण उतरत असताना त्या त्या तारखेची पातळी धरणावरच्या नोंदीतून घ्यायची आणि क्षेत्रफळ चित्रातून, की नवा वक्र हाती येतो. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था राज्यातील जलाशयांच्या गाळाचा अभ्यास या मार्गाने करत आली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह तर रडारच्या साहाय्याने मोठ्या तलावांची पातळीही वरून मोजतो.

ओळंबा : आपले म्हणणे मान्य, पण दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. धरण ज्या पातळीपर्यंत उतरते तिच्याखाली आपला उपग्रह आंधळा आहे, आणि मृतसाठ्यात किती गाळ आहे हे त्याला कधीच कळणार नाही. दुसरी मर्यादा जलपर्णीची. पाषाण तलावासारख्या ठिकाणी जलपर्णीने झाकलेले पाणी चित्रात हिरवीगार जमीन म्हणून उमटते, आणि फुगवट्याच्या टोकाला ओला चिखल पाणी म्हणून.

आभाळमाया : मृतसाठ्याबाबत वाद नाही. परंतु एका धरणाची होडीने मोजणी होईपर्यंत उपग्रहाने अनेक धरणे पाहून होतात; ज्यांचे आकडे संशयास्पद दिसतील तिथेच होडी पाठवावी, असे माझे म्हणणे आहे. उपयुक्त साठा हाच शेवटी शहराच्या कामाचा असतो, आणि तो बहुतांशी उपग्रहाच्या टप्प्यात येतो.

मुठाकाठ : सर्वांचे मनःपूर्वक आभार. बरेच गैरसमज दूर झाले. आता गावच्या तलावाविषयी विचारतो. तलाव साधारण दोन हेक्टरांचा आहे आणि मे महिन्यात त्यात मधल्या खड्ड्यापुरतेच पाणी उरते. आमच्यापैकी एकाकडे मासे शोधण्याचे छोटे यंत्र आहे. ते वापरून तलाव भरलेला असताना मोजणी करावी का? ठेकेदार ब्रासमध्ये हिशेब देणार आहे, तो क्षमतेशी ताडून पाहता येईल का? आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मोबाइलमधून घेतली तर चालेल का?

सांडवा : ते यंत्र घरीच ठेवा. तलाव आटतो आहे हे आपले भाग्य समजा. तळ उघडा असताना त्याची मोजणी जमिनीवरच्या मोजणीइतकी सोपी आणि कितीतरी अधिक विश्वासार्ह असते. डंपी लेव्हल किंवा टोटल स्टेशन हे जमिनीची पातळी मोजण्याचे यंत्र भाड्याने मिळते, आणि ते चालवणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो. दोन हेक्टरांवर दहा-दहा मीटरांचा चौकडा आखला तर सुमारे दोनशे बिंदू होतात, जे एका दिवसाचे काम आहे. गाळ काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर त्याच बिंदूंवर पातळी घ्या. प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील फरकांची सरासरी गुणिले शंभर चौरस मीटर, अशी बेरीज केली की वाढलेली क्षमता घनमीटरमध्ये मिळेल. मधल्या खड्ड्यातील पाण्यात काठी घालून खोली घ्या, पण काठीच्या टोकाला ताटलीएवढी चपटी पाटी बसवा, नाहीतर काठी गाळात घुसते आणि खोटी खोली मिळते.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. मात्र खोदून डंपरमध्ये भरलेला गाळ मोकळा होऊन फुगतो, त्यामुळे डंपरमधील शंभर ब्रास म्हणजे तलावात शंभर ब्रासांची जागा झाली असे होत नाही. ती नेहमी कमीच असते. किती कमी, ते मातीवर आणि ओलाव्यावर अवलंबून आहे, आणि आपल्या दोन मोजण्यांतून ते प्रमाणही निघेल. देयक कोणत्या मापावर द्यायचे, खड्ड्याच्या की डंपरच्या, हे काम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने लेखी ठरवून घ्यावे. बांधाच्या पायथ्यालगत मात्र कोणालाही खोदू देऊ नका.

ओळंबा : मोबाइलच्या उंचीवर विसंबू नका. उपग्रह जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, आणि पुण्याच्या परिसरात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरांनी वेगळी येते; काही मोबाइल ही दुरुस्ती करून दाखवतात, काही करत नाहीत, आणि त्यावर आणखी काही मीटरांची स्वतःची चूक असते ती निराळीच. आपल्याला समुद्रसपाटीची गरजही नाही. सांडव्याच्या काँक्रीटच्या माथ्यावर छिन्नीने एक खूण कोरा, तिला शंभर मीटर माना आणि सर्व पातळ्या तिच्या संदर्भात घ्या. कारण तलाव भरतो तो त्याच माथ्यापर्यंत, त्यामुळे क्षमता आपोआप योग्य पातळीपासून मोजली जाईल. अशीच दुसरी खूण जवळच्या एखाद्या खडकावर किंवा देवळाच्या जोत्यावर ठेवा, म्हणजे सांडव्याची दुरुस्ती झाली तरी पुढच्या वेळी मोजणाऱ्याला आधार सापडेल. दोन्ही खुणांचे छायाचित्र, त्यांतील उंचीचा फरक, मोजणीची तारीख आणि चौकड्याचा कच्चा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरात जमा करा. पहिल्या पावसाळ्यानंतर, पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला की पाणी आत येण्याच्या तोंडापासचे वीस-पंचवीस बिंदू तरी पुन्हा घ्या. एका वर्षात तिथे किती गाळ आला ते त्यावरून कळेल.